बाटलीतली फुलं आणि मनातलं दुखणं

आमच्या वस्तीचं नाव इंद्रलोक. भाईंदर पूर्वेला उतरून रिक्षात बसलं की थोड्या वेळात इंद्राच्या दारात! नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण रिक्षावाल्याला ‘इंद्रलोक’ सांगताना मला दर वेळी पारिजातक आठवतो. तो मूळचा इंद्राच्याच बागेतला, नाही का? कृष्णाने तो सत्यभामेसाठी आणला, झाड लागलं तिच्या अंगणात आणि फुलं पडू लागली रुक्मिणीच्या दारी. एका फुलझाडावरून घरात रुसवेफुगवे, ही आपल्याकडची फार जुनी गोष्ट. तेव्हा फुलाचं आणि मनाचं नातं आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

हल्ली मात्र ही फुलं बाटलीतून येऊ लागली आहेत. ‘पुष्पौषधी’ म्हणतात त्यांना. राग, भीती, दुःख, हुरहूर, प्रत्येकासाठी वेगळे थेंब. माणसांना देतात आणि कुत्र्या-मांजरांनाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या तिघीचौघींनी मला विचारलं, “ताई, घ्यावेत का हो?” या प्रश्नाचं उत्तर मी आधी फार चटकन देऊन बसले होते आणि त्यापायी एक मुका जीव जाता जाता वाचला. म्हणून आज सविस्तर सांगते.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या सासूबाई गावाहून कायमच्या इकडे आल्या. राजापूरकडच्या. सासरे गेले, मुलगा म्हणाला, “आता आईला एकटीला ठेवायचं नाही,” आणि महिन्याभरात घराला कुलूप लागलं. वहिनी स्वभावाने चांगल्या. सासूबाईंना वेगळी खोली, न्हाणीघरात धरायला दांडी, मऊ भात, औषधाच्या गोळ्या, सगळं वेळच्या वेळी. पण आजी दिवसभर खिडकीशी बसून. जेवण अर्धं. रात्री दोन-अडीचला उठून कॉटवर बसायच्या. विचारलं तर एकच उत्तर, “काही नाही गो, बरी आहे मी.”

डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, सगळं ठीक निघालं. मग कुणीतरी सांगितलं, पलीकडच्या फेजमधल्या एक बाई पुष्पौषधी देतात. वहिनी म्हणाल्या, “ताई, तुम्ही चला सोबत, मला एकटीला धीर होत नाही.” गेलो तिघी.

त्या बाईंनी नाडी पाहिली नाही की जीभ पाहिली नाही. नुसत्या विचारत राहिल्या. “रात्री जाग येते ना, तेव्हा पहिला विचार कसला येतो?” आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “तुळशीपुढे दिवा कोण लावतं, हा.” आणि एकदा बांध फुटल्यावर काय! निघायच्या दिवशी गाडीवाला घाई करत होता, त्या गडबडीत दिवा लावायचा राहिला. लग्न होऊन आल्यापासून, सुतकाचे दिवस सोडले तर, तो कधी चुकला नव्हता. तुळशीला पाणीसुद्धा न घालता घराला कुलूप लावलं, हेच त्यांच्या जिवाला लागलं होतं. नवरा गेल्याचं दुःख होतंच. पण ते या कुलपाच्या आत अडकून पडलं होतं. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. एवढे महिने त्या म्हातारीला ‘जेवलात का’, ‘गोळी घेतलीत का’ सगळं विचारत होत्या. हे एक विचारायचं राहिलं होतं.

बाईंनी तीन अर्क मिसळून दिले. मागच्या आठवणीत अडकलेल्याला हनीसकल, धक्का बसलेल्याला स्टार ऑफ बेथलेहेम आणि जागापालट सोसत नाही त्याला वॉलनट. पंधरा दिवसांत आजी रात्री सलग झोपायला लागल्या. बिल्डिंगभर बातमी, थेंबांना गुण आला!

आता हे थेंब मुळात कसले, ते बघू. ही पद्धत शोधली डॉ. एडवर्ड बाख या इंग्रज डॉक्टरांनी. जन्म १८८६चा, मृत्यू १९३६. हे कुणी जडीबुटीवाले नव्हते. लंडनला रीतसर डॉक्टरी शिकलेले, जंतुशास्त्राचे जाणकार, पुढे तिथल्या होमिओपॅथिक रुग्णालयात काम केलेले. रोगापेक्षा रोग्याच्या मनाकडे बघावं, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि १९२८पासून त्यांनी एकेक करून ३८ औषधं ठरवली. त्यांतलं एक तर फुलाचं नाहीच, नुसतं झऱ्याचं पाणी आहे.

त्यांची यादी वाचताना मोठी गंमत वाटते. कशाची भीती वाटते ते सांगता येतं, तिला मिम्युलस. भीती वाटते पण कशाची ते सांगता येत नाही, तिला अ‍ॅस्पेन. कुणालाच ‘नाही’ म्हणता येत नाही, तिला सेंटॉरी. जबाबदारीच्या ओझ्याखाली वाकली, तिला एल्म. विरार लोकल उशिरा आली की ‘ह्यांना काही झालं तर नसेल’ म्हणून जिचा जीव टांगणीला लागतो, तिला रेड चेस्टनट. मुलांनी सदा आपल्याच भोवती असावं असं वाटतं, तिला चिकरी. आपण, आपली जाऊ, आपली नणंद, सगळ्या जणी त्या यादीत भेटतात! उतावळ्या माणसासाठी जे इम्पेशन्स देतात, ते तर आपल्या तेरड्याचं हिमालयातलं भावंड. गौरीला आपण आणतो तोच तेरडा. त्याच्या पिकल्या बोंडाला बोट लावलं की टचकन फुटतं, म्हणून त्या कुळाचं लॅटिन नावच ‘उतावीळ’ पडलं. आपल्याकडे म्हण आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस. या थेंबांच्या बाबतीत ती ध्यानात ठेवायला हरकत नाही.

करायची रीत अशी. काचेच्या भांड्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यावर फुलं तरंगत ठेवायची, लख्ख उन्हात ३ तास. काही झाडांची फुलं-डहाळ्या असतील तर अर्धा तास उकळायच्या. गाळून त्यात तेवढीच ब्रँडी घालायची, हा मूळ अर्क. त्यातले २ थेंब ३० मिलिलिटर ब्रँडीत टाकले की दुकानातली बाटली तयार. तिच्यातले २ थेंब पुन्हा ३० मिलिलिटर पाण्यात, आणि त्यातले ४ थेंब दिवसातून ४ वेळा. आपल्याकडे बरेच जण साबुदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्यांवर घालून देतात.

आता आपण गृहिणी, मापाचा हिशेब आपल्याला बरोबर कळतो. एका मिलिलिटरात साधारण २० थेंब धरले, तर मूळ अर्काचा एक थेंब शेवटी साडेचार लिटरांत पसरतो. पाणी घालणारा गवळीसुद्धा एवढं धाडस करणार नाही! पद्धत मानणारे म्हणतात, यात फुलाचं द्रव्य नसतं, फुलाची शक्ती असते. असो. मग पारखायचं कसं? काही जणांना खरे थेंब आणि काही जणांना नुसते साधे थेंब द्यायचे, कुणाला काय दिलं ते कुणालाच सांगायचं नाही, आणि मग बघायचं. अशा चाचण्या झाल्या आहेत. परीक्षेची धास्ती घेतलेल्या लोकांवर जर्मनीत केलेली एक चाचणी २००१मध्ये छापून आली. तिच्यात दोन्ही गटांची धास्ती कमी झाली. खऱ्या थेंबांनी जास्त आणि खोट्यांनी कमी, असं काही दिसलं नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या एडझार्ड अर्न्स्ट या प्राध्यापकांनी अशा ७ चाचण्या एकत्र तपासून २०१०मध्ये निष्कर्ष छापला, की चांगल्या चाचण्यांमध्ये फुलांच्या थेंबांत आणि साध्या थेंबांत फरक दिसत नाही.

म्हणजे आजींना आलेला गुण खोटा? मुळीच नाही. आजी खरोखर झोपायला लागल्या, मी डोळ्यांनी पाहिलं. पण त्याच पंधरा दिवसांत आणखी काय काय झालं तेही पाहिलं ना! दुसऱ्याच दिवशी वहिनींनी कुंडीत तुळस आणून ग्रिलमध्ये ठेवली. गावी शेजारच्या घरी फोन करून तिथल्या सुनेला सांगितलं, तिने संध्याकाळी आजींच्या वृंदावनाशी पणती लावून फोनवर दाखवली. आणि रात्री भांडी आवरली की वहिनी पाच-दहा मिनिटं आजींच्या कॉटवर जाऊन बसायला लागल्या. थेंब देण्याचं निमित्त, आणि थेंब दिवसातून चार वेळा! म्हणजे जिला दिवसभर कुणी विचारत नव्हतं, तिच्याजवळ कुणीतरी चार वेळा येऊन बसू लागलं. माझं मत विचाराल तर गुण या सगळ्याला आला.

इथपर्यंत सगळं गोड. आता माझी चूक सांगते.

वहिनींकडे एक बोका आहे, मन्या. आजींना दिलेली खोली आधी त्याची दुपारी झोपायची. आजी आल्यावर श्रावणाच्या सुमारास मन्या पायपुसण्यावर आणि चादरीवर शू करायला लागला. थोडी थोडी, इथे तिथे. पुष्पौषधीवाल्या बाईंनी फोनवरच सांगितलं, “त्याची जागा गेली ना, राग धरलाय त्याने.” रागाला होली आणि बदलाला वॉलनट असे थेंब पाण्यातून द्यायला सांगितले. वहिनींनी मला विचारलं, “ताई, देऊ का?” आणि मी म्हटलं, “दे की, अपाय तर नाही ना काही!”

हे वाक्य मी परत कधी उच्चारणार नाही.

मन्या पुन्हा पुन्हा आपल्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन कुबड काढून बसायचा. व्हायचं काहीच नाही. ओरडायचा, मागचा भाग चाटत राहायचा. आम्ही म्हणत होतो, रुसलाय, थेंब लागू पडायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने उलटी केली आणि कॉटखाली निपचित पडला, तेव्हा कुठे वहिनी टोपलीत घालून धावल्या. डॉक्टरांनी पोटाला हात लावताच सांगितलं, लघवी तुंबली आहे. नळी घातली, सलाइन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर आणायची गरज पडली नसती.

बोक्याचा लघवीचा मार्ग फार बारीक असतो. खड्यांच्या कणांनी किंवा चिकट बोळ्याने तो बंद झाला की अंगातलं विष बाहेर पडत नाही, हृदयावर परिणाम होतो आणि एक-दोन दिवसांत खेळ संपू शकतो. डॉक्टरांनी हेही सांगितलं, की जागा बदलली, घरात नवं माणूस आलं, या ताणाने मांजरांना लघवीचा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणजे बाईंचं निदान अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. पण मन दुखावलं म्हणून शरीर दुखत नाही, असं कुठे आहे?

या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. बाटल्या त्याच, बाई त्याच. आजींना फायदा झाला आणि मन्याच्या जिवावर बेतलं. का? आजींना तोंड होतं. विचारल्यावर त्यांनी आपलं दुःख आपल्या शब्दांत सांगितलं, आणि त्यांना आधी डॉक्टरही पाहून गेले होते. मन्याला बोलता येत नव्हतं. त्याचं बोलणं आम्हीच रचलं, आणि त्या रचलेल्या बोलण्यावर औषध दिलं. थेंबांनी अपाय केला नाही हे खरं, पण थेंबांच्या भरवशावर तीन दिवस गेले. अपाय तो तिथे झाला.

तेव्हा मैत्रिणींनो, हे थेंब घरात आणायचेच असतील तर काही गोष्टी मनाशी पक्क्या करा.

एक. आधी डॉक्टर, मग थेंब. मांजर ट्रेमध्ये बसून कुंथत असेल, कुत्र्याने एकाएकी खाणं सोडलं असेल, गरीब जनावर अचानक चावायला धावत असेल, तर आधी ते शरीराचं दुखणं समजा. बोक्याची लघवी होत नसेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, न्या. माणसाचंही तसंच. थायरॉइड कमी असलं, बी-१२ कमी असलं तरी बाई गळून जाते, उदास होते, आणि आपण म्हणतो सुनेशी पटत नाही.

दोन. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, भूक नाही, कशात जीव रमत नाही, किंवा कुणी ‘आता जगून काय करायचं’ असं बोलू लागलं, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका आणि थेंबांवरही सोपवू नका. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. सरकारने २०२२मध्ये सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीसुद्धा फुकट बोलता येतं, मराठीतही. नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा. गॅसवाल्याचा ठेवतो ना, तसा.

तीन. चालू असलेली गोळी थेंबांसाठी बंद करू नका. मधुमेह, फिट्स, रक्तदाब यांवर ‘फुलांनी बरं करतो’ म्हणणारा भेटला तर नमस्कार करून परत फिरा.

चार. मूळ बाटलीत ब्रँडी असते हे विसरू नका. तान्हं मूल, गरोदर सून, आणि ज्यांनी दारू सोडली आहे किंवा सोडण्याचं औषध चालू आहे असे घरचे पुरुष, यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जनावरांच्या तोंडात तर बाटलीतले थेंब सरळ टाकूच नका. ग्लिसरीनमध्ये केलेले बिनदारूचे थेंब मिळतात.

पाच. घरी फुलं पाण्यात घालून प्रयोग करू नका. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, सगळी दिसायला सुंदर आणि सगळी विषारी. वाढदिवसाच्या गुच्छात लिलीची फुलं असतील आणि घरात मांजर असेल तर गुच्छ घरात आणूच नका. त्या फुलांचे पराग चाटले तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. आणि पुष्पौषधी म्हणजे सुगंधी तेल नव्हे. टी ट्रीसारखं तेल मांजराच्या अंगाला लावलं तर ते चाटून त्याला विषबाधा होते.

दिवाळी जवळ आली की कुत्रेवाल्या घरांतून हमखास विचारणा होते, फटाक्यांना भितो, थेंब देऊ का? रेस्क्यू रेमेडी म्हणून पाच फुलांचं मिश्रण त्यासाठी खपतं. द्यायचं तर द्या, पण त्याच्या आधी हे करा. उजेड असतानाच त्याला फिरवून आणा. खिडक्या लावा, पडदे ओढा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. कॉटखाली त्याचं पांघरूण घालून लपायला जागा करून द्या आणि तिथून ओढून काढू नका. त्याला रागावू नका, जवळ आला तर कुरवाळा. दिवाळीच्या एक-दोन महिने आधीपासून फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून, सोबत आवडीचा खाऊ देत, हळूहळू वाढवत नेता येतो. फारच थरथरत असेल तर जनावरांचे डॉक्टर भीतीवरचं औषध देतात, ते आधीच विचारून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. त्या बाईंचे थेंब मी घेतले नाहीत, पण त्यांचे प्रश्न मात्र उचलले. ‘बरी आहेस ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी विचारा, ‘रात्री जाग आली की काय आठवतं?’ ‘इथे आल्यापासून काय करायचं राहून गेलंय?’ ‘कुणाशी बोलावंसं वाटतं?’ विचारताना हातात भाजी निवडायला घेतलीत तरी चालेल, फोन मात्र नको. उत्तराला वेळ लागला तर मध्ये बोलू नका. आणि उत्तर आलं की लगेच उपाय सांगू नका. आधी नुसतं ऐका. याला बाटली लागत नाही की पैसे पडत नाहीत. वेळ मात्र लागतो, आणि तोच आपल्या घरात कुणाकडे नसतो.

आता वहिनींच्या ग्रिलमधली तुळस छान फुटली आहे. मन्या ठणठणीत आहे आणि दुपारी खुशाल आजींच्या कॉटवर पसरतो. दोघांनी खोली वाटून घेतली आहे. थेंबांची बाटली अजून फडताळात आहे. ती टाकून द्या असं मी वहिनींना म्हटलं नाही. त्या बाटलीनेच तर सासू-सुनेला बोलतं केलं.

परवा संध्याकाळी मी वर गेले होते. आजी दिवा लावत होत्या. वात सारता सारता मला म्हणाल्या, “तू सगळ्यांना विचारीत फिरतेस गो. तुला कोण विचारतं?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का बघा, आणि सुचलं तर जरूर कळवा.